सत्तर अक्षरांची मराठी

मोबाइलवरून पाठवायचा मजकूर एका वेळी किती लांब असावा, हे १९८५ च्या सुमारास जर्मनीतल्या बॉन शहरात एका टंकयंत्रावर ठरले. फ्रीडहेल्म हिलेब्रांड हे दूरसंचार क्षेत्रातले अभियंते तेव्हा युरोपच्या नव्या मोबाइल व्यवस्थेवर काम करत होते. त्यांनी सुचतील ती वाक्ये आणि प्रश्न टाइप केले आणि प्रत्येकातली अक्षरे, विरामचिन्हे, मोकळ्या जागा मोजल्या. बहुतेक वाक्ये एक-दोन ओळींत, १६० च्या आत आटोपत होती. पोस्टकार्डांवरचा आणि टेलेक्सवरचा मजकूरही बहुधा तेवढ्यातच बसतो, हे त्यांनी पडताळून पाहिले. आकडा ठरला. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने संगणकावरून व्होडाफोनच्या एका अधिकाऱ्याच्या फोनवर नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या आणि जगातला पहिला एसएमएस पोचला.

१६० हे माप मात्र रोमन लिपीचे होते. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला युनिकोडमध्ये सोळा बिट लागतात, म्हणून चिन्हे बसतात फक्त ७०. त्यातही फोन जोडाक्षर एक धरत नाही. मूळ अक्षर, हलन्त, काना, अनुस्वार असे सगळे सुटे मोजतो. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा दिसतो, फोनच्या हिशेबात तो अकरा चिन्हांचा भरतो. मराठीत चार ओळी लिहिल्या की दोन-तीन एसएमएसचे पैसे कापले जात. एवढे करून समोरच्याच्या फोनवर देवनागरी उमटेल याचा भरवसा नसे. कित्येकदा मजकुराच्या जागी नुसत्या चौकोनांची रांग दिसे.

२००० नंतरच्या दशकात ज्या मराठी मुलामुलींच्या हाती पहिला फोन आला, त्यांनी मराठी रोमन अक्षरांत लिहायला सुरुवात केली ती या परिस्थितीत. त्यांना इंग्रजीचा सोस होता म्हणून असे झाले, हा आरोप अन्यायाचा आहे. यंत्राने त्यांच्यापुढे दुसरी वाट फारशी ठेवलीच नव्हती.

मेसेजच्या भाषेमुळे तरुणांचे लेखन-वाचन बिघडते का, या प्रश्नाची चर्चा मराठीत होते तेव्हा ही पार्श्वभूमी सहसा बाजूला राहते. इंग्लंड-अमेरिकेत वाद झाला तो लघुरूपांवरून, आणि मराठी शिक्षक-पालकांनी तो जसाच्या तसा उचलला. मराठीतली लघुरूपे जुनी आहेत आणि बव्हंशी निरुपद्रवी आहेत. काळजी करायची तर लिपीची करायला हवी, आणि ती लघुरूपांच्या आरडाओरड्यात मागे पडली आहे.

इंग्रजीतला गदारोळ २००३ मध्ये वाढला. स्कॉटलंडमधल्या एका तेरा वर्षांच्या मुलीने सुट्टीवरचा निबंध सबंध मेसेजच्या भाषेत लिहून दिला आणि तो शाळेत वाचता येईना, ही बातमी जगभर गेली. २००६ मध्ये न्यूझीलंडच्या परीक्षा यंत्रणेने, विद्यार्थ्याला विषय कळला आहे हे उत्तरातून दिसत असेल तर लघुरूपे असली तरी गुण मिळू शकतील, अशी भूमिका घेतली आणि तिथे वादंग माजले. २००७ मध्ये बीबीसीचे ख्यातनाम निवेदक जॉन हम्फ्रीज यांनी ‘डेली मेल’मध्ये लिहिले, की चंगीझ खानाने आपल्या शेजाऱ्यांची जी गत केली तीच मेसेज करणारी मंडळी भाषेची करत आहेत. पुढच्याच वर्षी भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांनी या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहून या भीतीला उत्तर दिले. शब्द तोडून लिहिण्याची रीत फोनपेक्षा कितीतरी जुनी आहे, हा त्यांचा एक मुद्दा होता. त्याला पुरावा भरपूर सापडतो. ‘ओएमजी’ हे आजच्या मुलांचे मानले जाणारे लघुरूप ॲडमिरल फिशर यांनी १९१७ मध्ये विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात आढळते.

संशोधकांनी दरम्यान मोजमाप सुरू केले होते. कॉव्हेंट्री विद्यापीठातल्या बेव्हर्ली प्लेस्टर, क्लेअर वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा दहा ते बारा वर्षांच्या ८८ मुलांवरचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना एखादा प्रसंग द्यायचा आणि त्यावर काय मेसेज कराल ते लिहायला सांगायचे, अशी ती पद्धत होती. ज्यांच्या मेसेजमध्ये लघुरूपांचे प्रमाण जास्त, त्यांचे शब्दवाचन चांगले निघाले. हा निकाल शिक्षकांच्या अपेक्षेच्या अगदी उलट होता. कारण शोधले की तो पटतो. इंग्रजीत ‘ग्रेट’ हा शब्द ‘जी’, ‘आर’ आणि आठचा आकडा असा लिहायचा, तर शब्दातला ‘एट’ हा ध्वनी आधी सुटा करून ऐकावा लागतो. ध्वनी असे सुटे करता येणे हीच वाचन शिकण्याची एक मुख्य पायरी आहे. पुढे याच गटाने ज्यांच्याकडे फोन नव्हते अशा नऊ-दहा वर्षांच्या ११४ मुलांची निवड केली, त्यांतल्या काहींना दहा आठवडे, शनिवार-रविवारी आणि सत्राच्या मध्यावरच्या सुट्टीत वापरायला फोन दिले, आणि दोन्ही गटांची तुलना केली. लेखन-वाचनात लक्षणीय फरक पडला नाही.

टोरांटोत साली टॅग्लियामोन्टे आणि डेरेक डेनिस यांनी सत्तरेक किशोरवयीनांच्या चॅटमधले दहा लाखांहून अधिक शब्द तपासले. लघुरूपांचे प्रमाण तीन टक्क्यांच्याही आत निघाले. बाहेरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत तेवढीच भरतात, म्हणून ती फार वाटतात.

दुसरी बाजूही आहे, आणि ती झाकून ठेवणे बरे नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात ड्र्यू सिंगेल आणि श्याम सुंदर यांनी सहावी ते आठवीच्या २२८ विद्यार्थ्यांची व्याकरणाची चाचणी घेतली. २०१२ मध्ये निष्कर्ष आला, की मेसेजमध्ये शब्दांची मोडतोड जास्त करणारी मुले चाचणीत मागे पडतात. २००८ च्या प्यू या संशोधन संस्थेच्या पाहणीत अमेरिकेतल्या ३८ टक्के किशोरवयीनांनी शाळेच्या लेखनात मेसेजची लघुरूपे शिरल्याचे, तर निम्म्यांनी विरामचिन्हे आणि मोठी अक्षरे यांची शिस्त सुटल्याचे मान्य केले. कॉव्हेंट्रीत मोजले गेले शब्दवाचन आणि पेनसिल्व्हेनियात व्याकरण, त्यामुळे हे निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. एकत्र वाचले तर एवढे म्हणता येते: लघुरूपांमुळे मूल निरक्षर होत नाही, पण कुठे कसे लिहायचे याचे भान मात्र त्याला शिकवावे लागते.

मराठी माणसाला लघुरूपांचे वावडे कधी नव्हते. घरातल्या जुन्या पत्रांची पेटी उघडली, की ‘ति. स्व.’ आणि ‘सा. न. वि. वि.’ पहिल्याच ओळीत भेटतात, लहानांना ‘चि.’ आणि ‘अ. उ. आ.’, शेवटी राहिलेले सांगायला ‘ता. क.’. पत्त्यात ‘मु. पो.’, लग्नपत्रिकेत ‘चि. सौ. कां.’, कीर्तनाच्या फलकावर ‘ह. भ. प.’. गणिताच्या वहीत ‘ल. सा. वि.’ आणि ‘द. सा. द. शे.’ घोकून पिढ्या पास झाल्या. गदिमा आणि पुलं ही तर नावेच अशी बनली, की ती उलगडून सांगायची गरज उरली नाही. तारेत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून शुभेच्छांच्या ठराविक वाक्यांना क्रमांक दिलेले होते आणि नुसता क्रमांक सांगितला की पलीकडे पूर्ण वाक्य पोचे. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये थांबेपर्यंत हे चालले. ज्या आजोबांनी आयुष्यभर ‘सा. न. वि. वि.’ लिहिले, त्यांनी नातवाच्या ‘जी एन’वर, म्हणजे शुभरात्रीवर, रागवायला तसे कारण नाही.

रोमन अक्षरांत लिहिलेली मराठी बारकाईने पाहिली तर त्यात एक विलक्षण गोष्ट दिसते. मुले ‘मग’ हा शब्द नुसत्या ‘एम जी’ने लिहितात, ‘पण’ ‘पी एन’ने, ‘कर’ ‘के आर’ने, ‘तर’ ‘टी आर’ने. ‘मला’ होतो ‘एम एल ए’. बहुतेक वेळा गळतो तो ‘अ’, आणि ‘मला’च्या शेवटचा काना शाबूत राहतो. देवनागरीत असेच असते. ‘पण’ लिहिताना ‘प’ला कोणतीही खूण करावी लागत नाही, ‘अ’ त्याच्या पोटात असतोच; ‘ला’चा काना मात्र काढावा लागतो. बोटे रोमन कळांवर फिरत असली तरी मुलाच्या मनात बाराखडी चालू आहे, असे हे लिहिणे सांगते. ‘नाही’चे ‘एन एच आय’ यात बसत नाही, तिथे ‘ना’चा कानाही पडतो, रोज शंभरदा लागणारे शब्द असे झिजतातच. पण एकूण कल स्पष्ट आहे. शाळेत देवनागरी पक्की झालेल्या मुलाने केलेली ही लघुरूपे त्याच्या अक्षरज्ञानाचा पुरावाच म्हणायला हवीत.

मग गमावले काय? ‘के ए एल’ ही तीन रोमन अक्षरे ‘काल’ असू शकतात, ‘काळ’ असू शकतात, ‘कळ’ही असू शकतात. ‘एम ए एल ए’ म्हणजे ‘मला’, ‘माला’, ‘मळा’ की ‘माळा’, हे संदर्भावरून ओळखायचे. वाचणारा ओळखतो, त्यामुळे मेसेजचे काम भागते. लिहिणाऱ्याला मात्र ‘न’ की ‘ण’, ‘ल’ की ‘ळ’, ‘त’ की ‘ट’, वेलांटी पहिली की दुसरी, हा निर्णय घ्यावाच लागत नाही. मराठीचे शुद्धलेखन असल्याच निर्णयांनी बनले आहे. साहित्य महामंडळाचे जे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, त्यांतला मोठा भाग ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार यांचाच आहे. हे नियम घोकून येत नाहीत, हाताला वळण लागून येतात. दिवसभर जे लिहिणे होते ते सगळे रोमन लिपीत आणि देवनागरी फक्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत, असे झाले तर वळण लागणार कधी? कॉव्हेंट्रीच्या अभ्यासातला दिलासा इथे लागू पडत नाही तो याचमुळे. तिथली मुले ज्या लिपीत खेळत होती त्याच लिपीत शिकत होती. मराठी मुलाचा खेळ एका लिपीत आणि शाळा दुसऱ्या लिपीत, अशी फारकत झाली आहे.

रोमन लिपीतली मराठी ही मोबाइलने आणलेली नवलाई मुळीच नाही. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याने मराठीत रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले ते रोमन लिपीत. तिथल्या छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते. अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचा हा ग्रंथ यंत्राच्या मर्यादेमुळे परक्या लिपीत गेला. चारशे वर्षांनंतर एसएमएसच्या बाबतीत तेच कारण पुन्हा आडवे आले. फरक आहे तो शिस्तीचा. गोव्यात पुढे रोमन लिपीतल्या कोंकणीने, म्हणजे रोमीने, स्वतःची लेखनपद्धती घडवली. ‘श’साठी ‘एक्स’ हे अक्षर तिने ठरवून टाकले, आणि त्या पद्धतीत आजही नियतकालिके निघतात, तियात्रांच्या, म्हणजे तिथल्या लोकनाट्यांच्या, संहिता लिहिल्या जातात. फोनवरच्या रोमन मराठीला असा नियम नाही. ‘आहे’ हा एक शब्द चार मित्र चार तऱ्हांनी लिहितात. लिपी कुठलीही असो, तिच्यात भाषा टिकवायची तर लिहिण्याची काही सर्वमान्य रीत लागते. ती रोमीकडे आहे, देवनागरीकडे आहे. चॅटच्या मराठीकडे नाही.

लिपी हातातून निसटणे ही केवळ कल्पना नाही, महाराष्ट्राने ते एकदा अनुभवले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिशेब, खते, खासगी पत्रे मोडी लिपीत लिहिणारी माणसे घरोघर होती. छपाई आणि शाळा बाळबोध, म्हणजे देवनागरी, अक्षरांकडे गेल्या, मोडी रोजच्या वापरातून उठली आणि दोन पिढ्यांत ती जाणकारांपुरती उरली. लिहिणे थांबले, तशी लिपी हातातून गेली. २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा आपल्याच पणजोबांनी लिहिलेली कागदपत्रे वाचून घ्यायला जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी जाणणारे शोधावे लागले. देवनागरीची अवस्था आज तशी नाही. तिच्यामागे पाठ्यपुस्तके, वर्तमानपत्रे आणि राज्यकारभार उभा आहे. तरी, वाचली जाणारी पण लिहिली न जाणारी लिपी अर्धीच जिवंत असते.

तांत्रिक अडचणी आता बऱ्याचशा संपल्या आहेत. व्हॉट्सॲपवर अक्षरांचे पैसे पडत नाहीत, आणि २०१६ मध्ये जिओची मोबाइल सेवा आल्यापासून इंटरनेट खेड्यापाड्यांत परवडू लागले. सीडॅक या सरकारी संगणक संस्थेशी निगडित इनस्क्रिप्ट कळफलक जुना आणि प्रमाणित आहे. आयआयटी मुंबईत बाराखडीच्या तत्त्वावर बेतलेला ‘स्वरचक्र’ हा कळफलक तयार झाला. रोमनमध्ये टाइप केले की देवनागरी उमटवणारे आणि बोललेले लिहून देणारे पर्याय तर बहुतेक स्मार्टफोनवर आहेत. सोय असूनही रोमनची सवय सुटत नाही, कारण सवय एकट्याची नसते, गटाची असते. वर्गाचा ग्रुप रोमनमध्ये चालतो, नव्याने आलेला तेच करतो. शिवाय रोमनवरून देवनागरी करून देणारा कळफलक ‘ण’ की ‘न’ हे स्वतःच ठरवतो. मुलाला समोर आलेल्या पर्यायांतून एक निवडायचे असते. अक्षर ओळखणे आणि आठवून लिहिणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. इनस्क्रिप्टवर लिहिणारा मुलगा दुसरी क्षमता राखतो, म्हणून शाळांनी संगणकाच्या तासाला तो शिकवणे अगत्याचे आहे.

मेसेजने मराठीला काही दिलेही आहे, आणि ते मोठे आहे. वऱ्हाडातला मुलगा मित्राला ‘काऊन’ लिहितो, कोल्हापूरचा ‘लई भारी’ लिहितो, जळगाव-धुळ्याकडे अहिराणीतून गप्पा चालतात. शाळेच्या वहीत या बोलींवर लाल रेघ पडत असे. उद्धव शेळके यांनी ‘धग’ कादंबरीत वऱ्हाडी बोली आणली ती १९६० मध्ये. त्यापुढेही बोलीत लिहिणे हे लेखकांपुरते राहिले होते. सामान्य मुलाने आपल्या घरची भाषा रोज, निःसंकोच, लेखी वापरावी हे याआधी कधी झाले नव्हते. बोलण्यातल्या सुराचेही तसेच, तोही आता लेखनात उतरतो. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात सेलिया क्लिन आणि सहकाऱ्यांनी १२६ विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात पूर्णविराम देऊन संपवलेले एका शब्दाचे उत्तर मेसेजमध्ये कमी प्रामाणिक वाटले. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत तसे वाटले नाही. ‘बरं’ आणि ‘बरं.’ यांतला रुसवा मराठी मुलींनाही अचूक कळतो. इतके सूक्ष्म संकेत पाळणाऱ्यांना भाषेची जाण नाही, असे कोण म्हणेल?

परदेशातल्या मराठी घरांत प्रश्नाचे रूप बदलते. न्यू जर्सी किंवा लंडनमधल्या नातीला देवनागरी येत नसेल, तर रोमन अक्षरे हाच आजीशी बोलण्याचा धागा उरतो. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा लिपीही शिकवतात. जिथे तशी शाळा नाही तिथे रोमनमधले ‘आजी, जेवलीस का’ हेसुद्धा जपण्याजोगे आहे.

सगळ्यांत गंभीर आकडे मात्र मेसेजशी थेट संबंधित नाहीत. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२३ च्या अहवालासाठी २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वर्षांच्या ३४,७४५ मुलामुलींची पाहणी झाली. त्यांतल्या सुमारे चौथ्या हिश्शाला स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही. दहापैकी नऊ घरांत स्मार्टफोन होता, आणि तो वापरता येणाऱ्या दहापैकी नऊ मुलांनी आदल्या आठवड्यात समाजमाध्यमे पाहिली होती. वाचनात अडलेली ही मुले लघुरूपांनी बिघडलेली नाहीत. त्यांच्यापर्यंत वाचनच नीट पोचलेले नाही, आणि फोनवर ती लिहिण्यापेक्षा व्हिडिओ पाहतात, आवाजी निरोप पाठवतात. त्यांच्यातला एखादा जर रोमनमध्ये का होईना दोन ओळी स्वतः होऊन लिहीत असेल, तर त्या ओळी पुसायच्या नाहीत, तिथून त्याला देवनागरीकडे आणायचे आहे.

त्यासाठी नवा विषय सुरू करण्याची गरज नाही. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखन आहे, त्यात पत्र आहे, बातमी आहे, जाहिरात आहे. शिक्षकांनी वर्गाला एकच निरोप द्यावा: ‘पाऊस फार आहे, उद्या सहल रद्द’. तो मुलांनी आधी मित्राच्या ग्रुपवर टाकतात तसा लिहावा, मग मावशीला देवनागरीत लिहावा, मग मुख्याध्यापकांच्या सहीने लावायची सूचना म्हणून लिहावा. पहिल्या लेखनात ‘पाऊस’चा ‘ऊ’ कोणता हे कोणी विचारत नाही. दुसऱ्यात तो ठरवावा लागतो. तिसऱ्यात ‘रद्द’ पुरत नाही, ‘रद्द करण्यात आली आहे’ लागते, आणि त्याखाली तारीखही.